लालबागची गावाची खोली रिडेव्हलपमेंटला चाललीय, फ्लॅट ठेवायचा की पैसे घेऊन मोकळं व्हायचं?

खाडीपल्याड
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यातून लिहितोय, गावाचं नाव मुद्दाम देत नाही कारण प्रकरण नाजूक आहे आणि आमचे गाववाले इथे गुपचूप वाचतात हे मला माहितीये (वाचताय ना काका?).

तर आमच्या गावाची लालबागला एक खोली आहे. बैठकीची खोली, म्हणजे मुंबईतल्या गाववाल्यांच्या मंडळाची, सगळ्यांनी मिळून राहायची. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्यात पंचवीस-तीस माणसं राहायची, पेट्या भिंतीला, वळकट्या पेट्यांवर, एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच जागेवर आडवी. आता चाळ रिडेव्हलपमेंटला जातेय. बिल्डरची माणसं संमतीपत्रं घेऊन फिरतायत. टॉवरमधे वन बीएचके घ्या, नाहीतर रोख घ्या आणि विषय संपवा असं म्हणणं आहे. गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो पैसे घ्या, सहाणेवर (पालखी बसते त्या जागेवर) शेड होईल, देवळाचं रखडलेलं काम होईल, आता मुंबईला राहतंय कोण, सगळे विरार-दिवा-बदलापूरला. दुसरा तट म्हणतो खोली विकली तर मुंबईत गावाचं नाव पुसलं.

आणि खरी गोम म्हणजे भाडेपावती एका गृहस्थांच्या नावावर आहे. ते वारून जमाना झाला. त्यांचा नातू डोंबिवलीला असतो, तो आता म्हणतो की खोली आजोबांची.

कोणाच्या गावाचं असं झालंय का? काय केलंत?

गिरगावचा_पोपट
वाचूनच कसंतरी झालं. माझं अख्खं बालपण गिरगावात, आजोळ गणपतीपुळ्याजवळ. आता गिरगावात गेलं की रस्ता ओळखू येत नाही. मेट्रोच्या वेळी किती इमारती पाडल्या, किती बिऱ्हाडं हलली आठवा, आणि ऑक्टोबर २०२५ ला मेट्रो ३ कफ परेडपर्यंत सुरू झाली तेव्हा सगळे स्टेशनाचे फोटो टाकत होते. स्टेशन झकास आहे, नाही म्हणत नाही, पण वर आलं की आपलं कोणीच नाही. खोताच्या वाडीतली लाकडी जिन्यांची, व्हरांड्यांची घरं बघा, एकेक करत गेली, निम्मीसुद्धा उरली नाहीत. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून गणपती बसतोय, मुंबईतला पहिला सार्वजनिक, तो तेवढा जपलाय लोकांनी. चाळ म्हणजे नुसत्या भिंती नव्हत्या हो, कोणाचं पोर तापलं तर अख्खा मजला जागा असायचा, दरवाजे उघडे, कुलूप फक्त गणपतीत गावाला गेल्यावर...

चेडू_मालवणची
पोपटराव, दरवाजे उघडे असायचे कारण बंद केले तर आत हवा यायची नाही.

रागावू नका. पण हे चाळीचं कौतुक मी नेहमी पुरुषांच्या तोंडूनच ऐकलंय. माझी आई लग्न होऊन मालवणहून डिलाईल रोडला आली. बीडीडी चाळ, १६० फुटांची खोली, सासू सासरे दोन दीर आणि ही. पहाटे चारला उठून नळाला नंबर, मजल्याच्या टोकाला सामायिक संडास, रात्री जायचं तर नवऱ्याला उठवायचं. बाळंतपणाला माहेरी गेली ते तीन महिने तिला स्वर्ग वाटले होते म्हणते. अख्खा मजला जागा असायचा हे खरं, पण अख्ख्या मजल्याला तुमच्या घरात आज काय भांडण झालं हेपण माहिती असायचं. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बीडीडीवाल्यांना पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, ५०० चौरस फुटांची घरं, त्या दिवशी टीव्हीसमोर बसून आई रडली. मी विचारलं चाळ आठवली का, तर म्हणाली नाही गं, त्या बायकांना घरात संडास मिळाला.

बांगडा_फ्राय
चेडू +१००
पोपटराव +१ (फक्त गणपतीसाठी)

गिरगावचा_पोपट
अहो मी संडासाचं समर्थन कुठे केलं!! माणसं सोयीनं राहावीत हे कोणाला नकोय. माझं म्हणणं एवढंच की घर सुधारायला माणसं हलवायची गरज असते का. आमच्या मजल्यावरचे अर्धे लोक पैसे घेऊन नालासोपाऱ्याला गेले, उरलेल्यांपैकी काहीजण मेंटेनन्स परवडत नाही म्हणून टॉवरमधला फ्लॅट भाड्याने देऊन कल्याणला राहतात. मग कोणासाठी झाला विकास?

तिरफळ
आमच्या गावाची खोली परळाक होती. ती कधी इकली, कोणी इकली, पैशे खय गेले, आजून कोणाक पत्तो नाय. फक्त त्याच वर्षात एका माणसाचा गावातला घर दोन माळ्याचा झाला. योगायोग म्हणतत तेका.

बांगडा_फ्राय
तिरफळ 😂😂 हा योगायोग आमच्या गावातपण झालाय, आमच्याकडे बोलेरो आली

दुसरी_पाळी
सत्तरी ओलांडलेला माणूस आहे, टायपिंग नातीकडून करून घेतोय, तेव्हा उशीर झाला तर समजून घ्या.

मी स्वतः अशा खोलीत राहिलोय, काळाचौकीला. वडील दाभोळहून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरले होते, मी एसटीने आलो. तरुण लोकांना वाटतं की खोली म्हणजे झोपायची जागा. तसं नव्हतं. खोलीला वही होती. दर माणशी भाडं, दिवाबत्ती, पाणी भरणाऱ्याचे पैसे, सगळं त्यात लिहायचं. गावाहून नवा पोरगा आला की नोकरी लागेपर्यंत त्याचं भाडं खोली सोसायची, बदली कामगार म्हणून गिरणीत चिकटवायचं काम जॉबरच्या (कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या) ओळखीच्या माणसाचं. जेवण खाणावळीत, महिन्याचे पैसे, न जेवलास तर खाडा, आणि खाड्यावरून होणारी भांडणं ही वेगळीच करमणूक. महिन्याच्या एका रविवारी मिटिंग. शिमग्याला पालखीचा खर्च किती पाठवायचा, शाळेला पत्रे घालायचे का, कोणाची म्हातारी आजारी आहे, कोणी दारूत पैसे उडवतोय आणि घरी मनीऑर्डर करत नाही, त्याला सगळ्यांसमोर विचारायचं. त्या भीतीने कितीतरी घरं टिकली. आमच्या गावची विहीर, देवळाचा घुमट, शाळेची पहिली इमारत, सगळं त्या खोलीतून झालं, ग्रामपंचायतीतून नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. पहिले काही महिने खोली उलट जास्त भरलेली, कामावर कोणी जातच नव्हतं ना, म्हणून पाळीने झोपायचीही सोय राहिली नाही, गॅलरीत, जिन्यावर माणसं. मग एकेक जण पावसाच्या तोंडाला भात लावायला म्हणून गावाला गेला तो परत आलाच नाही. काही पेट्या तिथेच राहिल्या. तेव्हा रिडेव्हलपमेंट शब्द कोणाला माहीत नव्हता, पण गिरणगाव तेव्हाच गेलं. इमारती आत्ता पडतायत एवढंच.

चेडू_मालवणची
काका, नमस्कार. फार छान लिहिलंत. फक्त एक विचारू का, त्या वहीत बायकांचं नाव कधी होतं का?

दुसरी_पाळी
नव्हतं. बायका गावाला शेती बघायच्या. खोलीत बाई आली तर ती खाणावळीचा डबा घेऊन, नाहीतर कोणाला दवाखान्यात आणलं तर.

कोकमसार
खाणावळवाल्या बायकांचा विषय निघालाच आहे तर, त्या बायका उधारीवर धान्य घ्यायच्या सावकारी व्याजाने आणि पन्नास गिरणी कामगारांना जेवू घालायच्या. प्रेमा पुरवांनी १९७५ मधे अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. लालबाग-परळच्या इतिहासात गिरणी, युनियन, नाटक, गणपती सगळं येतं आणि जेवण कोण करत होतं ते शेवटच्या ओळीत येतं.

नमनखेळे
अवांतर होईल पण राहवत नाही. लालबाग-परळ गेलं म्हणजे आमचं दामोदर गेलं. परळचं दामोदर नाट्यगृह, १९२२ सालचं, २०२३ च्या नोव्हेंबरात पुनर्विकासासाठी बंद केलं. नमन, शक्ती-तुरा, जाखडी या कोकणातल्या लोककलांच्या सगळ्या मंडळांचे कार्यक्रम तिथे. गावच्या देवळाच्या कामाला निधी पाहिजे की दामोदरला तारीख घ्यायची, तिकिटं गाववाल्यांच्या गळ्यात मारायची, भाडं वजा जाता उरेल ते देवाला. आता बाकीच्या मोठ्या थिएटरांची भाडी आणि तारखा बघून आमच्या मंडळाने मुंबईतला प्रयोग बंदच केलाय. नवीन बांधून देणार म्हणतात. बांधतील, पण भाडं कोणाला झेपणार ते बघायचं.

एसटी_लाल_डबा
तुम्ही मुंबईचं रडताय, इकडे कोकणात काय वेगळं चाललंय? कणकवलीत बाजारपेठेच्या डोक्यावरून फ्लायओव्हर गेला. हायवेच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेच्या बाजारपेठांची तोंडंच कापली गेली, चहाचं हॉटेल, सायकलवाला, वडाखालचा स्टॉप, सगळं साफ. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर बाजारातल्या किती जुन्या घरांची दुरुस्ती झालीच नाही, सरळ स्लॅबच्या इमारती आल्या. चिऱ्याची, मंगलोरी कौलांची घरं पाडून वर निळे पत्रे टाकायचे आणि मग लालबागच्या चाळीसाठी हळहळायचं, हे आपलं चाकरमानी लोकांचं जुनं दुखणं. गणपतीत येऊन म्हणायचं गाव पूर्वीसारखं राहिलं नाही, आणि स्वतःच्या घराला टाइल्स लावून जायचं.

बांगडा_फ्राय
लाल डब्याने आज हॉर्न न वाजवता सगळ्यांना ठोकलंय

तिरफळ
निळो पत्रो आमच्याकडेपण आसा. गळना नाय बाबा. कौलां परतूक माणूस मिळता खय आता? मिळालो तर हजेरी ऐकान घाम येता.

फणसगरा
चौपदरीकरण म्हणताय तो हायवे नेमका पूर्ण कधी होणार हे कोणी सांगेल का, म्हणजे त्याप्रमाणे वय ठरवून जन्म घेता येईल पुढच्या वेळी

बांगडा_फ्राय
फणसगरा, ट्रेनने जा. ६० दिवस आधी सकाळी आठला बुकिंग उघडतं आणि आठ वाजून एक मिनिटाने वेटिंग चारशे. जुन्या मुंबईपेक्षा कन्फर्म तिकीट लवकर नामशेष झालं.

कोर्टकचेरी
मूळ प्रश्नाकडे येतो, कारण आत्तापर्यंत धागाकर्त्याला आठवणी भरपूर मिळाल्या आणि उत्तर एकही नाही. वकिली केली आहे, पण हा सल्ला सर्वसाधारण समजा, कागद बघितल्याशिवाय कोणीही ठाम बोलू नये.

पहिलं, चाळ जुनी उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी, आहे का ते बघा. १ सप्टेंबर १९४० पूर्वीची असेल तर 'अ' वर्गात येते. पुनर्विकासात भाडेकरूंची यादी म्हाडाचं इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ प्रमाणित करतं, आणि राहत्या जुन्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेट मिळतं. त्या यादीत नाव कोणाचं आहे यावर सगळं अवलंबून. गाव नावाचा भाडेकरू कायद्याला दिसत नाही, पावतीवरचं नाव दिसतं.

दुसरं, भाडेकरू वारला तर २००० पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबातला माणूस पुढे भाडेकरू होतो, तसा कोणी नसेल तर वारस. म्हणजे नातवाचं म्हणणं तुम्हाला कितीही राग आला तरी अगदीच हवेतलं नाही. त्याच्या विरुद्ध तुमच्याकडे काय आहे? दुसरी_पाळी काकांनी सांगितली ती वही. भाडं मंडळाने भरल्याच्या नोंदी, लाइट बिलं, तिथल्या पत्त्यावरची गावच्या माणसांची रेशनकार्डं, मतदारयाद्या, मंडळाची पत्रं. ही वही शोधा आधी. कोणाच्या तरी माळ्यावर असते, वाळवीने खायच्या आत काढा.

तिसरं, मंडळ नोंदणीकृत आहे का? १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली नोंदणी असेल आणि खोलीचा हक्क मंडळाच्या नावावर आला, तर पुढे फ्लॅट विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. लोकांना हे जाचक वाटतं. मी म्हणेन तिरफळ यांच्या गावासारखे योगायोग टाळायला हाच एक उपाय आहे.

आणि कोऱ्या संमतीपत्रावर कोणी सही केली असेल तर लगेच सांगा.

फणसगरा
साहेब फी किती? धागा सेव्ह केलाय

खाडीपल्याड
कोर्टकचेरी साहेब, मनापासून आभार. मंडळ नोंदणीकृत आहे पण हिशोब भरलेले नाहीत बरीच वर्षं. वहीचा शोध चालू केलाय. सही कोणी केलेली नाही अजून, एक सदस्य करणारच होते, त्यांच्या सुनेने हात धरला.

रोख घेण्याबद्दल आमच्या गावात एकच युक्तिवाद चालतो, की आता तिथे राहतं कोण. आणि खरंच, दोन पोरं आहेत, एक सिक्युरिटीला, एक परीक्षेचा अभ्यास करणारा. बाकी महिनोन् महिने कुलूप.

सायलीची_आई
नवीन सदस्य आहे, आजवर फक्त वाचत होते, पण 'राहतं कोण' वाचून लॉगिन केलं.

आम्ही राहतो. म्हणजे आमच्यासारखे लोक राहतात. माझ्या नवऱ्याला घशाचा कॅन्सर निघाला, टाटाला केमोथेरपी आणि मग रेडिएशन. रेडिएशन रोज असतं, सुट्टीचे दिवस सोडून, आठवडे चालतं. आम्ही राजापूर तालुक्यातले. रोज राजापूरहून परळला कसं येणार? धर्मशाळेत नंबर लागत नव्हता, हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर झोपणारी माणसं तुम्ही बघितली असतील, आम्ही त्यांच्यात बसायच्या बेतात होतो. तेव्हा दिराने आठवण केली की गावाची खोली आहे परळला. चावी एका म्हाताऱ्या काकांकडे होती, ते स्वतः आले, खोली झाडून दिली, गॅस सुरू करून दिला. तिथून हॉस्पिटल चालत. नवऱ्याला पेज सोडून काही गिळता यायचं नाही, ती पेज मला तिथे शिजवता आली. शेजारच्या ताईंनी मिक्सर दिला. चाळ होती म्हणून दिला असेल, टॉवरमधे दिला असता का माहीत नाही, पण तो विषय वेगळा.

टाटा, केईएम, वाडिया तिन्ही परळला आहेत. गिरण्या गेल्या, हॉस्पिटलं तिथेच आहेत. गावातून माणूस आता नोकरीला येत नाही, आजार घेऊन येतो. तुमच्या लालबागवरून हॉस्पिटल किती लांब आहे ते गावच्या मिटिंगमधे विचारा, आणि मागच्या काही वर्षांत गावातून किती पेशंट मुंबईला नेले ते हात वर करून मोजा. मग ठरवा शेड पाहिजे का.

ते आता बरे आहेत, तपासणीला यावं लागतं अधूनमधून.

चेडू_मालवणची
सायलीच्या आई ❤️ धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.
आणि माझं मत अर्धं बदलतेय. चाळ गेली तर जाऊ दे, पण खोली जाऊ नये.

दुसरी_पाळी
आमच्या काळाचौकीच्या खोलीचे पैसे घेतले १९९८ च्या सुमारास. कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती, सगळे म्हणाले आता रात्रीत गावाला पोचता येतं, खोली कशाला. देवळापुढे मंडप झाला त्या पैशातून. मंडप चांगला आहे. मागल्या वर्षी माझ्या भाच्याला केईएमला आणलं तेव्हा त्याची बायको वॉर्डच्या जिन्यात झोपत होती, मी बोरिवलीला, माझ्या घरात आधीच सहा माणसं.

एसटी_लाल_डबा
पटलं. तरी व्यवहाराचा मुद्दा कोणी बोलत नाहीये म्हणून मी वाईटपणा घेतो. टॉवरचा मेंटेनन्स. लिफ्ट, पंप, वॉचमन, वर सोसायटी. बिल्डर कॉर्पस, म्हणजे देखभालीसाठी एकरकमी निधी, देतो, तो काही वर्षांत संपतो. ज्या मंडळाला वर्षानुवर्षं हिशोब भरता आले नाहीत ते दर महिन्याला मेंटेनन्स भरणार? थकला की सोसायटी वसुलीला लागणार. आणि पेशंट राहणार म्हटल्यावर रोज नवी माणसं बघून शेजारी कुरकुर करणार, सोसायट्या बॅचलरना घर देत नाहीत तर गावाला देतील काय.

गिरगावचा_पोपट
मुद्दा बरोबर आहे लाल डबा. यावर आमच्या ओळखीच्या एका मंडळाने केलंय ते सांगतो, त्यांनी फ्लॅट घेतला, आतली खोली एका गाववाल्या कुटुंबाला भाड्याने दिली, त्या भाड्यातून मेंटेनन्स जातो, बाहेरची खोली पेशंटसाठी. कुटुंब तिथेच असल्यामुळे चावी, साफसफाई, सोसायटीचं तोंड, सगळं तेच बघतात. दोन्ही बाजूंना थोडी अडचण होते पण चाललंय.

आणि हो, गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते विसरू नका. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेला, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांना जाणार होता. २००१ मधे नियम बदलला, वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची धरली, २००६ ला सुप्रीम कोर्टाने तो बदल मान्य केला. कामगारांच्या वाट्याला आलं ते त्यातलं उरलंसुरलं. गावांच्या हातात तिथे आता फक्त या खोल्या आहेत. त्यासुद्धा आपणच विकायच्या म्हटल्यावर कोणाला नाव ठेवणार.

फणसगरा
पोपटराव आज फॉर्मात

तिरफळ
नातवाचा काय केलास ता सांग आधी. तेका बाजूक ठेवून कायच होवचा नाय.

खाडीपल्याड
तेच सांगायला आलो. वही सापडली! मंडळाच्या जुन्या खजिनदारांच्या घरी, माळ्यावर, चटईत गुंडाळलेली. १९६० नंतरची जवळजवळ सगळी भाड्याची नोंद आहे, आणि पावती त्या आजोबांच्या नावावर का केली तेही एका मिटिंगच्या वृत्तांतात लिहिलंय, की मालक मंडळाच्या नावावर पावती द्यायला तयार नाही सबब यांच्या नावावर घ्यावी. खाली सगळ्यांच्या सह्या, आजोबांचीसुद्धा. मी ते पान मोबाईलवर फोटो काढून ठेवलंय.

दुसरं म्हणजे शिमग्याला पालखी सहाणेवर बसते तेव्हा मुंबईवाले सगळे गावात असतात, त्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिटिंग ठेवलीय. सायलीच्या आईंचा प्रतिसाद मी गावच्या ग्रुपवर टाकला (परवानगी न विचारता, माफ करा), त्याच्यावर चर्चा एकदम वेगळ्या वळणाला गेली. मागच्या काही वर्षांत टाटा-केईएमला गेलेल्यांची नावं लोक आपणहून लिहायला लागले, यादी अजून वाढतेय. आणि वाडीतल्या बायका म्हणाल्या आम्हीपण मिटिंगला येणार, पेशंटबरोबर आम्हीच जातो. आजवर या विषयावर बायका मिटिंगला नसायच्या. दोनचार मानकरी कुरकुरले, पण येणार त्या.

फ्लॅट ठेवायचा असं माझं स्वतःचं मत आता पक्कं आहे. ठराव होईल की नाही सांगता येत नाही.

सायलीची_आई
माफी कसली. टाका खुशाल.

कोर्टकचेरी
उत्तम. आता ऐका. ते पान मोबाईलवर ठेवून भागणार नाही, मूळ वही एकाच माणसाच्या घरी ठेवू नका, सगळी स्कॅन करा. हिशोब आधी भरून घ्या, नाहीतर ठरावाला अर्थ नाही. ठरावात विश्वस्तांची नावं स्पष्ट लिहा, उपस्थितांच्या सह्या घ्या, बायकांच्यासुद्धा. आणि नातवाला नोटीस पाठवायच्या आधी फोन करा, शिमग्याला बोलवा, आजोबांची सही त्याला दाखवा. मंडळात एक जागा त्याला द्या. कोर्टात गेलात तर टॉवर पडून पुन्हा रिडेव्हलपमेंटला येईल तेव्हा निकाल लागेल.

बांगडा_फ्राय
नातवाला बोलावताय तर तिकीट आत्ताच काढायला सांगा, सकाळी आठला.